लाकडाचं ऐकणारा इंजिनिअर

पत्त्यांचा जोड हातात धरून वाकवा. पत्ते एकमेकांवरून सरकतात. अखंड तुळई वाकते तेव्हा तिच्या पोटातही असंच सरकवू पाहणारं बळ असतं. फक्त ते दिसत नाही. इंजिनिअर त्याला शिअर स्ट्रेस, म्हणजे कर्तन प्रतिबल, म्हणतात.

१८४० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेसाठी वेरेब्या नदीवर उंच लाकडी पूल बांधायचा होता. काम विशीतल्या दिमित्री झुराव्स्कीकडे होतं. लाकूड रेषांच्या दिशेनं सहज फाटतं, हे सरपण फोडणाऱ्यालाही ठाऊक असतं. झुराव्स्कीनं त्याचा हिशेब मांडला: चौकोनी तुळईत हे बळ वरच्या-खालच्या कडेला शून्य आणि मध्यावर सरासरीच्या दीडपट.

पुलाच्या छोट्या नमुन्यात उभ्या सळ्यांऐवजी तारा लावून त्यानं व्हायोलिनचा गज फिरवला. आधाराजवळच्या तारा चढ्या सुरात बोलल्या. म्हणजे तिथं भार जास्त! तोवर साऱ्या सळ्या सारख्याच जाडीच्या घेत.

१८५१ मध्ये रेल्वे सुरू झाली. १८५५ मध्ये झुराव्स्कीला डेमिडॉव पुरस्कार मिळाला. तो लाकडी पूल आज नाही. पण आपल्या गल्लीतल्या बांधकामावर पाहा, तुळईच्या टोकांशी लोखंडी रिंगा दाट बांधलेल्या असतात. बांधणाऱ्याला झुराव्स्की ठाऊक नसेल, पण छप्पर त्याच हिशेबावर उभं राहतं.