ख्रिस्तशरीराच्या सणामागील स्त्रिया

मध्ययुगीन युरोप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, धर्मयुद्धे आणि उंच मनोऱ्यांची कॅथीड्रले उभी राहतात. त्या चित्रात स्त्री असलीच, तर ती गवाक्षात उभी असलेली राजकन्या असते, नाहीतर चितेवर जाळली जाणारी चेटकीण. चेटकिणींचे मोठे खटले मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांतले, म्हणजे मध्ययुग सरल्यानंतरचे. आणि राजकन्या त्या काळी होत्या किती? बहुसंख्य स्त्रिया शेतात राबत होत्या, सूत कातत होत्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि प्रार्थना करीत होत्या. त्यांच्यापैकी काहींचे ऋण आपण दरवर्षी डोक्यावर घेऊन मिरवतो, पण त्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नसतात. ख्रिस्तशरीराचा सण, अर्थात कॉर्पस क्रिस्ती, हे ते ऋण होय.

ही हकीकत आहे आजच्या बेल्जियममधील लिएज या नगराची आणि तेराव्या शतकाची. त्या काळी त्या प्रदेशात लोकरीच्या व कापडाच्या व्यापाराने नगरे वाढत होती. खेड्यांतून कामासाठी आलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांच्यापुढे रूढ मार्ग दोनच होते: विवाह किंवा मठ. विवाहाचा निर्णय बहुधा वडीलधारे घेत, आणि मठात प्रवेश करावयाचा तर घरून धन आणावे लागे. गरीब घरच्या मुलीने काय करावे? या प्रश्नाला स्त्रियांनीच एक उत्तर शोधले. त्या एकमेकींच्या आधाराने एकत्र राहू लागल्या. त्यांना ‘बेगीन’ म्हणत. त्यांनी आजन्म व्रते घेतली नाहीत, उंच तटबंदी मानली नाही. ब्रह्मचर्याने राहावे, स्वतःच्या श्रमाचे खावे, प्रार्थना करावी, आजाऱ्यांना पाहावे, लहान मुलींना शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. आपली मालमत्ता त्या स्वतःकडे ठेवू शकत आणि मनात आले तर विवाह करून संसारातही परतू शकत.

त्यांच्यातील आद्य स्त्रियांपैकी एक म्हणजे ओइन्यीची मारी. चौदाव्या वर्षी तिचा विवाह झाला होता. पतीसह तिने कुष्ठरोग्यांच्या सेवेला वाहून घेतले आणि 1213 साली तिचे निधन झाले. तिच्या जीवनाने भारावलेले धर्मगुरू जाक द व्हित्री यांनी तिचे चरित्र लिहिले. 1216 साली पोप तिसरे होनोरियस यांच्याकडून, अशा स्त्रियांनी एकत्र राहून एकमेकींना धर्मबोध करावा, अशी तोंडी अनुमतीही त्यांनी मिळविली. लेखी मात्र मिळाली नाही. हा फरक पुढे फार महाग पडला.

याच वातावरणात ज्युलियाना वाढली. तिचा जन्म 1192 च्या सुमाराचा. पाचव्या वर्षी ती आणि तिची बहीण अ‍ॅग्नेस अनाथ झाल्या. लिएजजवळील मों-कोर्निय्याँ येथे कुष्ठरोग्यांसाठी एक सेवागृह होते. तेथील ऑगस्टिनियन भगिनींनी या दोघींना सांभाळले. ज्युलियाना गाईंची देखभाल करी, आणि लॅटिनही शिकली. संत ऑगस्टीन आणि संत बर्नार्ड यांचे ग्रंथ ती मुळातून वाचू शकत असे. पुढे ती तेथेच व्रतस्थ झाली आणि कालांतराने त्या संस्थेची प्रमुखही झाली.

सोळाव्या वर्षी प्रार्थनेत तिला एक दर्शन घडले. पूर्ण चंद्र तेजाने झळकत होता, पण त्यावर एक काळी रेघ होती. या दर्शनाचा अर्थ तिला पुढे उमगला: चंद्र म्हणजे पृथ्वीवरील ख्रिस्तसभा, आणि काळी रेघ म्हणजे एका सणाची उणीव. पवित्र साक्रामेंताच्या गौरवार्थ स्वतंत्र सण नव्हता. पवित्र गुरुवार होता, पण त्या दिवशी मन प्रभूच्या दुःखसहनाकडे लागलेले असते. ज्युलियानाने हे गुपित सुमारे वीस वर्षे मनात ठेवले. मग तिने ते दोन सखींना सांगितले. एक इझाबेला, आणि दुसरी इव्ह. ही इव्ह संत मार्टिनच्या चर्चला लागून असलेल्या लहानशा खोलीत एकांतवास पत्करून राहिलेली होती. तिच्या खोलीच्या खिडकीपाशी नगरातील कितीतरी माणसे सल्ल्यासाठी येत.

या तिघींनी पुढे काय केले, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांनी दर्शनाचा गवगवा केला नाही. त्याच चर्चचे कॅनन जॉन यांच्यामार्फत त्यांनी विद्वान धर्मपंडितांचे मत मागविले: या कल्पनेत श्रद्धेला बाधक असे काही आहे काय? विचारले गेलेल्यांत डॉमिनिकन पंडित ह्यू ऑफ सेंट-शेर होते आणि लिएजचे आर्चडीकन जाक पांतालेओं हेही होते. उत्तर अनुकूल आले. 1246 साली लिएजचे बिशप रॉबेर यांनी आपल्या धर्मप्रांतात हा सण साजरा करण्याची आज्ञा दिली. त्या सणाची प्रार्थना रचण्यासाठी ज्युलियानाने एका तरुण धर्मबंधूला हाताशी धरले होते.

परंतु सणाला मान मिळत असतानाच ज्युलियानाच्या वाट्याला अपमान येत होता. सेवागृहाच्या नव्या मठप्रमुखाशी संस्थेच्या पैशावरून व शिस्तीवरून तिचा तीव्र संघर्ष झाला. तिच्यावर आळ घेण्यात आला, नगरातील लोक तिच्या प्रार्थनागृहावर चालून आले, आणि तिने इव्हच्या आश्रयाला धाव घेतली. बिशप रॉबेर यांनी तिला पुन्हा तिच्या जागी बसविले. पण त्याच वर्षी, 1246 मध्ये, ते निवर्तले. तिचा आधार तुटला. थोड्याच काळात तिला कायमचे बाहेर पडावे लागले. एका मठातून दुसऱ्या मठात, परक्या माणसांच्या दयेवर दिवस काढीत, 5 एप्रिल 1258 रोजी फॉस येथे तिने देह ठेवला. तिची इच्छा म्हणून विलेच्या सिस्टर्शियन मठात तिचे दफन झाले. आपला सण साऱ्या ख्रिस्तसभेने स्वीकारलेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

पण इव्ह मागे उरली होती. तीन वर्षांनी, 1261 साली, तेच जाक पांतालेओं चौथे अर्बन या नावाने पोप झाले. इव्हने लिएजच्या बिशपांमार्फत त्यांना सणाची आठवण करून दिली. 11 ऑगस्ट 1264 रोजी पोप अर्बन यांनी हा सण संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी लागू केला. आज आपण साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी जी लॅटिन स्तोत्रे गातो, ती या सणासाठी संत थॉमस अक्विनास यांनी रचली, अशी परंपरा आहे. त्या आज्ञापत्रात ज्युलियानाचे नाव नाही; पूर्वी काही कॅथलिकांना असे प्रकटीकरण झाल्याचे आपण ऐकले होते, एवढेच त्यात म्हटले आहे. मात्र सप्टेंबरात पोपमहोदयांनी इव्हला स्वतंत्र पत्र पाठविले. एका खोलीत कोंडून घेतलेल्या स्त्रीला रोमच्या गादीवरून आलेले ते पत्र होते. त्यानंतर महिन्याभरातच पोपमहोदयांचे निधन झाले.

आपल्या प्रवचनांतून या सणाचा उगम सांगताना बहुधा बोल्सेना येथील 1263 च्या चमत्काराची कथा येते. ती अवश्य सांगावी. पण लिएजमध्ये हा सण त्याआधी सतरा वर्षे घोषित झाला होता, हेही सांगावे.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. 1 जून 1310 रोजी पॅरिसमध्ये मार्गरित पोरेत या स्त्रीला तिच्या आध्यात्मिक ग्रंथापायी पाखंडी ठरवून जाळण्यात आले. समकालीन लोक तिला बेगीन म्हणत. पाठोपाठ 1311-12 मध्ये व्हिएन येथे धर्मपरिषद भरली. पोप पाचवे क्लेमेंट यांनी त्या सुमारास ख्रिस्तशरीराच्या सणाला पुन्हा दुजोरा दिला, आणि त्याच परिषदेच्या निर्णयांत बेगीन स्त्रियांच्या जीवनपद्धतीवर बंदीही आली. दोन्ही गोष्टी 1317 साली एकाच कायदेसंग्रहातून जगापुढे आल्या. ज्या स्त्रियांच्या भक्तीच्या मातीत हा सण रुजला, त्यांच्या भगिनींना संशयित ठरविणारा हात आणि सणाला मान देणारा हात एकच होता. तरी बेगीन संपल्या नाहीत. फ्लँडर्समध्ये स्थानिक बिशपांनी व राज्यकर्त्यांनी त्यांना सांभाळले. त्यांच्या वसाहतींपैकी तेरा वसाहतींना 1998 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. शेवटची बेगीन 2013 साली वारली.

ख्रिस्तसभेने या स्त्रियांची आठवण हळूहळू, पण ठेवली. ज्युलियानाच्या भक्तीला 1869 साली पोप नववे पायस यांनी मान्यता दिली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 17 नोव्हेंबर 2010 रोजी आपली सबंध शिकवण तिलाच वाहिली, आणि 2012 साली बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मध्ययुगीन मठप्रमुख स्त्रीला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. 2021 पासून वाचक आणि वेदीसेवक या अधिकृत सेवापदांवरही स्त्रियांची नेमणूक होऊ शकते.

वाचकहो, या कथेतून आम्ही दोन गोष्टी उचलतो. पहिली अशी की ज्युलियानाजवळ पद नव्हते तेव्हाही ती ऐकून घेतली गेली, कारण एक कॅनन, एक आर्चडीकन आणि एक बिशप ऐकावयास तयार होते. ऐकणारा बिशप गेला आणि ती रस्त्यावर आली. अधिकारावर बसलेल्या आम्हां धर्मगुरूंचे कान उघडे असणे किंवा नसणे यावर किती काही अवलंबून असते! दुसरी गोष्ट अशी की आपल्या धर्मग्रामांत वेदीवरची फुले, धर्मशिक्षणाचे वर्ग आणि आजाऱ्यांच्या भेटी स्त्रियांच्या हातून होतात, परंतु निर्णयाची बैठक बसते तेव्हा त्याच हातांची मालकीण बहुधा चहा घेऊन आत येते. पुढच्या ख्रिस्तशरीराच्या सणाला मिरवणूक निघेल, तेव्हा पवित्र भाकरीपुढे गुडघे टेकताना लिएजच्या त्या तिघींची नावे मनात घ्यावीत: ज्युलियाना, इझाबेला, इव्ह. आणि परतल्यावर, आपल्या धर्मग्रामातील कोणाचे म्हणणे वीस वर्षे मनातच राहिले आहे, याचा शोध घ्यावा.