श्ट्रेल्त्सिक–वेत्सेल फुगा

घरी शिवलेला उष्ण हवेचा फुगा. 16 सप्टेंबर 1979 रोजी याच फुग्यातून पूर्व जर्मनीतील दोन कुटुंबे, एकूण आठ माणसे, सरहद्द ओलांडून पश्चिम जर्मनीत उतरली. कर्ते : प्योसनेक (थुरिंगिया) येथील विद्युत्तंत्री पेटर श्ट्रेल्त्सिक आणि गवंडी ग्युन्टर वेत्सेल. पलायनामुळे हा फुगा जगाला माहीत झाला. वस्त्रतंत्राच्या दृष्टीने मात्र त्यापूर्वीच्या दीड वर्षातले कापडाचे प्रयोग अधिक मोलाचे आहेत.

पहिला फुगा (1978) : गेरा येथून आणलेले अस्तराचे सुती कापड वेत्सेल यांनी जुन्या शिलाई मशीनवर जोडले. जंगलातल्या मोकळ्या जागेत व पडीक खाणीत फुगवण्याचा प्रयत्न झाला. हवा कोंबण्यासाठी मोटरसायकलच्या इंजिनावर चालणारा पंखाही बनवला. फुगा उभा राहिना. सुती विणीतून हवा निसटत होती. पुरावा राहू नये म्हणून तो जाळण्यात आला.

कापडाची परीक्षा : 100° से. पर्यंत तापलेली हवा एका घनमीटरमागे जेमतेम पाव किलो भार पेलते, म्हणून आठ माणसांसाठी आवरण प्रचंड लागते. आणि आवरण जेवढे मोठे तेवढा गळतीचा पृष्ठभाग मोठा. दुसऱ्या खेपेला दोघांनी खरेदीआधी नमुने तपासले. छत्रीचे कापड, तंबूचे कापड, टाफेटा यांचे तुकडे भट्टीत ठेवून ते उष्णता किती सोसतात हे पाहिले. हवा किती झिरपते हे मोजायला व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी भरलेली काचनळी वापरली : यंत्राच्या तोंडावर कापड ताणायचे आणि नळीतले पाणी किती वर ओढले जाते ते पाहायचे. हवा जितकी कमी झिरपेल तितके पाणी वर चढते. प्रयोगशाळेतल्या दाबमापकाचे तत्त्व हेच. छत्रीचे कापड सरस ठरले, पण महाग पडत होते, म्हणून टाफेटा निवडला. लाइपझिगच्या दुकानात शिडाच्या नौकांसाठी हवा आहे असे सांगून तो घेतला. शिलाई मशीनला विजेची मोटर जोडली.

ज्वालक : प्रोपेन वायूचा. नळकांडी उलटी धरल्यावर ज्वाला पुरेशी वाढली.

दुसरा फुगा : वेत्सेल मध्येच बाजूला झाले; कारणांबाबत दोन्ही कुटुंबांचे कथन जुळत नाही. 3 जुलै 1979 च्या रात्री श्ट्रेल्त्सिक कुटुंब एकटे निघाले. ढगात शिरताच कापडावर पाणी साचून वजन वाढले आणि फुगा सरहद्दीच्या अलीकडे उतरला. कुटुंब निसटून घरी परतले, फुगा तिथेच राहिला. तो सापडल्यावर गुप्त पोलिसांनी (श्टाझी) शोध सुरू केला.

तिसरा फुगा : वेत्सेल पुन्हा आले. संशय येऊ नये म्हणून गावोगावच्या दुकानांतून थोडे थोडे कापड जमवले. म्हणून आवरण रंगीबेरंगी पट्ट्यांचे झाले. क्षेत्रफळ सु. 1,250 चौ. मी., घनफळ सु. 4,000 घ. मी., उंची सु. 25 मी. पाळणा म्हणजे पोलादी पत्रा, चार कोपऱ्यांना खांब आणि भोवती कपडे वाळत घालायची दोरी. उड्डाण-चाचणी घ्यायला वेळ नव्हता. उड्डाणाच्या वेळी दोर एकाच वेळी न सुटल्याने फुगा कलला व कापडाने पेट घेतला. आग लगेच विझवली. वर कापड फाटून गरम हवा निसटत राहिली, ज्वालक अधिक चालवावा लागला, वायू संपला. 2,000 मी. हून अधिक उंची गाठून, सु. 28 मिनिटांनंतर फुगा बव्हेरियातील नाइला या गावाजवळ उतरला. वेत्सेल यांच्या पायाला दुखापत झाली.

परिणाम : श्ट्रेल्त्सिक यांच्या नातलगांना अटक. हलके कापड व प्रोपेनच्या विक्रीवर पूर्व जर्मनीत नजर ठेवली जाऊ लागली.

चित्रपट : ‘नाइट क्रॉसिंग’ (1982), ‘बलून’ (2018).

फुग्यातून पळण्याची कल्पना प्रथम कोणाची, यावर दोघांच्या निवेदनांत फरक आहे. पेटर श्ट्रेल्त्सिक 2017 मध्ये निवर्तले. तिसऱ्या फुग्याचे आवरण रेगेन्सबुर्ग येथील बव्हेरियन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.