सोळा आणे माती

सुरत म्हटली की आमच्या खानदेशातल्या माणसाला शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात, घारी आठवते आणि अलीकडच्या चाळीस-पन्नास वर्षांत उधना-लिंबायतच्या गल्ल्यांमधले लूमचे कारखाने आठवतात. घरटी एक माणूस तिकडे गेलेला असतो. मला या गावाचे नाव निघाले की कापूस आठवतो, आणि त्याहून जास्त कापसाखालची माती. एका झाडाला माती किती लागते, आणि ती कमी पडली तर काय होते, या साध्या प्रश्नाभोवती सुरतेचा आणि आमच्या तापीकाठचा दोनशे वर्षांचा इतिहास फिरतो आहे, असे माझे मत आहे. ते जुनेच कागद वाचून झालेले आहे.

एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत. त्यातला बराचसा सुरतेचा नव्हताच. खानदेशाचा, वऱ्हाडाचा, काठेवाडाचा माल मुंबईच्या बंदरातून जाई. पण इंग्रजांची जुनी वखार सुरतेला होती म्हणून नाव तिचे चिकटले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला आणि गिरण्यांना हा 'सुरत' वापरावा लागला. धागा आखूड, मालात माती आणि सरकी. सूत तुटायचे आणि विणकराची मजुरी बुडायची. तिकडच्या एका प्रार्थनासभेत देवाकडे कापसाची मागणी झाली, तेव्हा गर्दीतून कोणीतरी 'पण सुरती नको' अशी पुस्ती जोडली, ही गोष्ट त्या काळी सर्वतोमुखी होती. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ साली कायदाही केला. आखूड धाग्यासाठी मात्र कायदा करता येत नाही.

इंग्रजांनी उपाय शोधला तो बियाण्यात. १७८७ साली होव्ह नावाचा पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ गुजरातेत पाठवला गेला तो कापसाची गुपिते आणायला. त्याची रोजनिशी मुंबई सरकारने पुढे १८५५ मध्ये छापली. १८४० साली कॅप्टन बेल्स याने दहा अमेरिकन मळेवाले आणले. नांगर त्यांचे, बी त्यांचे, पद्धत त्यांची. गुजरातेत प्रयोग फसले. बेळगावकर मित्रांना ठाऊक असलेला 'धारवाड-अमेरिकन' तेवढा तगला, कारण तिथल्या हवापाण्याशी त्या बियाण्याचे जमले. बाकी ठिकाणी अमेरिकेतून आलेले झाड आमच्या जमिनीत उभे राहिले आणि पाऊस संपल्यावर माना टाकू लागले.

देशी कापसाचे तसे नव्हते. सुरत-भडोचकडचा हर्बेसियम जातीचा कापूस पावसाळ्यात पेरत आणि वेचणी फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाले. पाऊस सप्टेंबरात संपलेला, विहिरीचे पाणी नाही, आणि झाड पाच-सहा महिने उभे! ते जगते कशावर? खालच्या ओलीवर. सोटमूळ काळ्या मातीत खोल जाते, आणि भारी काळी माती एका मीटर खोलीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. जमीन उन्हाने तडकते, वरून पाहणाऱ्याला रान वाळलेले वाटते, पण मूळ आपले खाली पीत असते. आमच्या खानदेशात मातीची खोली पावला-पावलाला बदलते. म्हणून आमच्याकडचा देशी कापूस वेगळ्या जातीचा, लवकर उरकणारा. दिवाळीच्या आगेमागे बोंडे फुटलेली. शेतकऱ्यांनी हे पिढ्यान्पिढ्या निवडून ठरवले होते. त्याला संशोधन म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

मातीचे हे मोल सरकारला कळले ते सारा वसूल करताना. प्रिंगलची पहिली आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३६ पासून इंदापूरला नव्याने काम सुरू केले, आणि १८४७ साली विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांनी मिळून जो अहवाल लिहिला तो मुंबई इलाख्याच्या महसुलाचा पाया ठरला. त्यातला एक तक्ता मी कितीदा वाचला असेल! काळी, एकजीव, बारीक पोताची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात बारा, एक हात दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा, आणि पाव हात असेल तर साडेचार आणे. तांबूस आणि भरड मातीला याहून कमी. चुनखडीचे गोटे, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष निघाले की प्रत्येकागणिक एक वर्ग खाली. प्रतवारी करणारा कारकून शेताचे भाग पाडून, जागोजाग खणून, हाताने माप घेई. म्हणजे साराच मुळी झाडाच्या मुळाला किती माती मिळते यावर बसवलेला.

आता गंमत पाहा. पावणेदोन हात म्हणजे पाव हाताच्या सातपट. माती सातपट, पण किंमत सोळा विरुद्ध साडेचार, म्हणजे जेमतेम साडेतीनपट. विंगेटच्या माणसांना ठाऊक होते की माती दुप्पट झाली म्हणून पीक दुप्पट होत नाही. याचा पडताळा अगदी वेगळ्या ठिकाणी मिळाला. २०१२ साली पूर्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुंडीतल्या झाडांवरचे ६५ अभ्यास एकत्र करून दाखवले की कुंडीतली माती दुप्पट केली तर झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. हाच दर सातपटीला लावून पाहिला तर उत्तर पावणेतीनपटीच्या जवळ येते. कुंडी आणि शेत सारखे नसते, हे मान्य. तरी दीडशे वर्षांपूर्वी कुदळ घेऊन हिंडणाऱ्या त्या कारकुनांचा अंदाज किती जवळचा होता!

लोकांना मात्र मोजणीची साखळी पाहूनच धडकी भरली. १८५२ साली एरंडोल-सावदा भागात मोजणीविरुद्ध दंगे झाले आणि ते मोडायला लष्कर आणावे लागले. आपली माती कोणी परका माणूस खणून तिला आणे लावतो, याचा राग साधा नव्हता. पुढे १९२८ साली सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीने हाच प्रश्न देशापुढे मांडला. पहिल्या महायुद्धानंतर कापसाचे भाव चढले होते. ते भाव आणि जमिनीचे खंड धरून सारा २२ टक्के वाढवला गेला. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरलाच नाही. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून चौकशी केली तेव्हा खंडाचे आकडे टिकले नाहीत, आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. मातीची खोली बदलत नाही, भाव बदलतात. आणि भावावर बसवलेला सारा भाव पडल्यावर उतरत नाही, हे तिथे सिद्ध झाले.

याच सुरतेत सरकारी कापूस संशोधन केंद्र होते, आणि तिथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली एच-४ हा संकरित कापूस दिला. शेतात व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस या दोन जातींचा संकर. दुपारी कळीतले पुंकेसर बोटांनी काढायचे, कळी झाकायची, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. हे काम हजारो बायकांनी, मुलींनी केले. (पराग आवरून पीक बदलण्याची ही युक्ती नवी नव्हे. बंगालातल्या नौगावला गांजाच्या शेतात नर झाडे ओळखून उपटणारा पोद्दार असे, आणि १८९३-९४ च्या गांजा कमिशनने १,१९३ साक्षी घेऊन लिहिलेल्या अहवालात त्याची हकीकत सविस्तर आहे. आपल्या नगर जिल्ह्यातही तेव्हा परवान्याने गांजा पिकत असे. एकाला बी नको असते, दुसऱ्याला हवे तेच बी हवे असते. बोटांची कसरत सारखीच.) दोन वर्षांनी धारवाडच्या कटारकींनी वरलक्ष्मी दिला आणि संकरिताचे युग सुरू झाले.

एच-४ चे झाड मोठे. ते पसरते, सहा-सात महिने चालते, त्याला बोंडे भरपूर. त्याला जागा हवी, म्हणून आमच्याकडे तिफण आणि सरते मागे पडले आणि दोरी लावून चौफुलीवर सरकी टोबणे आले. बी महाग, तेव्हा दाणा मोजून टाकायचा, हेही त्यात होतेच. पाण्याखालच्या भारी जमिनीत या झाडाने खरोखर सोने दिले. ते पाहून ज्याच्याकडे बरड होती त्यानेही तेच लावले.

आमच्या घरचीच दोन राने सांगतो. एक तापीच्या अंगाचे, दुसरे सातपुड्याच्या पायथ्याचे. खालच्या रानात नाल्याची दरड कोसळली की कपाशीची मुळे पुरुषभर खाली लोंबताना दिसत. वरच्या रानात वीत-दीड वीत मातीखाली मुरूम. मूळ तिथवर जायचे आणि काटकोनात वळायचे. माझे थोरले काका म्हणत, 'अरे, ह्या झाडाला पाय पसरायला जागा नाही, ते हात कुठून पसरणार?' अंतर मात्र दोन्ही रानांत एकच, तीन फूट बाय दोन फूट.

या अंतराचा हिशेब मांडून पाहू. नव्वद बाय साठ सेंटिमीटरवर लावलेल्या झाडाला सोळा आणे जमिनीत, म्हणजे ८० सेंटिमीटर खोलीत, सुमारे ४३० लिटर माती मिळते. आठ आणे जमिनीत, ३४ सेंटिमीटरला, १८५ लिटर. साडेचार आणे जमिनीत जेमतेम ६० लिटर. झाड तेच, बियाण्याच्या पिशवीची किंमत तीच. भारी रानातले झाड डिसेंबरात दुसरा बहर धरते. बरडावरचे ऑक्टोबरच्या उन्हात पाती गाळून मोकळे होते. उलट दोषही आहे. इंदूरला १९२४ पासून काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी दाखवले होते की काळ्या रानात पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही. म्हणजे खोल असलेली सगळीच माती झाडाच्या कामी येते असेही नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. अळीचा प्रश्न काही वर्षे सुटला आणि २०१७ च्या सुमाराला गुलाबी बोंडअळीने पुन्हा गाठले. मातीचा प्रश्न होता तिथेच राहिला, कारण आपल्याकडे बीटीही संकरित वाणातूनच आला. तेच मोठे झाड, तेच विरळ अंतर, दरवर्षी नवी पिशवी. माझ्या चुलतभावाने तीन वर्षे वरच्या रानात हेच केले आणि चौथ्या वर्षी तो डिंडोलीला खोली घेऊन लूमवर लागला. आता तिथे जे सूत विणले जाते ते बहुतेक पॉलिएस्टरचे. कापसामुळे जगाला माहीत झालेल्या शहरात कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा पेट्रोलातून निघालेला धागा विणतो. सुरत जिल्ह्यातली कापसाची पुष्कळशी जमीनही काकरापार आणि उकाईच्या पाण्यावर उसाखाली गेली.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गेल्या दशकापासून हलक्या जमिनीसाठी वेगळा मार्ग सुचवला आहे. लहान, सरळ वाढणारे, लवकर संपणारे झाड दाटीने लावायचे. नव्वद बाय पंधरा सेंटिमीटरवर हेक्टरी ७४ हजार झाडे बसतात. नव्वद बाय साठला साडेअठरा हजारच. आठ आणे जमिनीत अशा झाडाच्या वाट्याला ४६ लिटर माती येते. त्याने पन्नास बोंडे द्यावीत अशी अपेक्षाच नाही. आठ-दहा द्यावीत आणि ओल संपण्याआधी मोकळे व्हावे. सरळ वाण असेल तर बी घरचे ठेवता येते. हे ऐकताना मला आमचा जुना देशी कापूसच आठवतो. भारी जमिनीत मात्र ही दाटी नको. तिथे झाडे नुसती उंच वाढून एकमेकांवर सावली धरतील.

मागच्या मे महिन्यात चुलतभाऊ सुट्टीवर आला होता. वरच्या रानात पहार घेऊन आम्ही सहा ठिकाणी खणले. कुठे अर्धा हात, कुठे पाऊण. बांधाकडच्या कोपऱ्यात एक हातही भरला. मग सातबारा काढून पाहिला. त्यावर 'आकार' म्हणून जो आकडा आहे त्याचे मूळ त्याच जुन्या प्रतवारीत आहे. खालच्या रानाच्या मानाने वरच्या रानाचा आकार निम्म्याहून थोडा कमी निघाला. यंदा त्याने कोपऱ्यातला तुकडा सोडून बाकी रानात दाटीने सरळ वाण टोबला आहे. बी अकोल्याहून आणले. पहिली वेचणी दिवाळीनंतर होईल.