माती, पाणी आणि सुई

डिसेंबर १९४२. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेले गांधीजी एका छोट्या पुस्तकाचा शेवट लिहीत होते. ऑगस्टच्या अखेरीस हाती घेतलेले हे गुजराती लेखन १८ डिसेंबरला पूर्ण झाले. नाव ‘आरोग्यनी चावी’. त्याच्या नऊ दिवस आधी, ९ डिसेंबरला, उत्तर चीनमधल्या हपेई प्रांतातल्या एका खेड्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी वारले होते. वय अवघे ३२.

योगायोगाला इतिहासात फार किंमत देऊ नये, हे खरे. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक रूढ समजूत तपासून पाहावीशी वाटते. सेवाग्रामचा निसर्गोपचार आणि चिनी वैद्यक ही एकाच ‘पौर्वात्य शहाणपणा’ची दोन रूपे आहेत, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. दोन्हीकडे पाच तत्त्वे, दोन्हीकडे समतोल, दोन्हीकडे निसर्ग. जवळून पाहिले तर हे साम्य बरेचसे वरवरचे निघते. खरे साम्य वेगळ्याच जागी आहे.

आधी सेवाग्राम. गांधीजी एप्रिल १९३६ च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. (शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलले.) वर्ध्याचा उन्हाळा अंगाची लाही करणारा, आणि पावसाळा तापाचा. पहिल्याच पावसाळ्यात गांधीजींना मलेरियाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. ऋतू आणि शरीर यांचा संबंध या गावात कोणी पोथीतून शिकवावा लागत नव्हता.

तरीही गांधीजींच्या पुस्तकात ऋतूंना स्वतंत्र प्रकरण नाही. उत्तरार्धात पाच प्रकरणे आहेत ती पृथ्वी, पाणी, आकाश, तेज आणि वायू यांची. नावे पंचमहाभूतांची असली तरी मांडणी वैद्यांची नव्हे. वाग्भटाच्या ऋतुचर्येत वात ग्रीष्मात साठतो आणि वर्षा ऋतूत कोपतो, पित्त पावसात साठून शरदात उसळते. असा हिशेब गांधीजी मांडत नाहीत. त्यांचे गुरू जर्मन होते: कटिस्नान सांगणारा लुई कून्हे आणि मातीचा पुरस्कर्ता आडोल्फ युस्ट. म्हणून त्यांच्याकडे पृथ्वी म्हणजे खरोखरची माती. पोटावर ठेवायची पट्टी तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड, इतके नेमके माप ते देतात. सेवाग्रामात बाजारी लेपाऐवजी तेल-मीठ घालून तापवलेली माती वापरली जाई. आश्रमात विषमज्वराचे सुमारे दहा रोगी औषधावाचून बरे झाले, असेही त्यांनी नोंदवले आहे. दहा रोग्यांवरून काही सिद्ध होत नाही. माती ताप उतरवत नाही, रोग्याची तगमग कमी करते, एवढाच तिच्याविषयी त्यांचा दावा आहे, आणि ही सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे.

चिनी पंचक याहून निराळे. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी हे पदार्थ नव्हेत. त्या बदलाच्या अवस्था आहेत. लाकूड म्हणजे वसंत आणि यकृत, अग्नी म्हणजे उन्हाळा आणि हृदय, माती म्हणजे उन्हाळ्याची अखेर आणि प्लीहा, धातू म्हणजे शरद आणि फुप्फुसे, पाणी म्हणजे हिवाळा आणि मूत्रपिंड. ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा त्या परंपरेचा आद्य ग्रंथ. वसंतात रात्री उशिरा झोपून पहाटे उठावे, हिवाळ्यात लवकर निजून सूर्य वर आल्यावर उठावे, असे तो सांगतो. हे वाग्भटाच्या जवळचे आहे, गांधीजींच्या नव्हे. आपण ज्याला सरसकट ‘ऊर्जा’ म्हणतो त्या ‘ची’ या शब्दाचे मूळही वाफ, श्वास, हवा असे आहे. त्याच्या जुन्या चित्राक्षरात तांदळाची खूण आहे. ऊर्जा हा पुष्कळसा युरोपीय भाषांतरकारांनी चढवलेला अर्थ.

मग साम्य कुठे? गरिबीत. १९२९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे देशी वैद्यक बंद करण्याचा ठराव आला होता. वैद्यांनी देशभर विरोध केला आणि तो बारगळला. साम्यवाद्यांचा ओढाही सुरुवातीला आधुनिक वैद्यकाकडेच होता, म्हणून तर त्यांना परदेशी शल्यवैद्य हवे होते. काँग्रेसचे पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून निघाले, त्यात अटल, मुखर्जी, बसू आणि कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. म्हणजे भारताने चीनला वैद्यकाची जी मदत पाठवली ती चाकू-टाक्यांची होती; मातीची नव्हे, काढ्याचीही नव्हे. कोटणिसांनी आघाडीवर शेकडो शस्त्रक्रिया केल्या. पण वेढ्यात सापडलेल्या प्रदेशात औषधे येणार कुठून? ऑक्टोबर १९४४ मध्ये माओंनी आधुनिक डॉक्टरांना जुन्या वैद्यांशी हातमिळवणी करायला सांगितले. पुढच्या वर्षी येनानच्या बेथ्यून रुग्णालयात रेन झुओत्यान या वैद्याने सुयांचे उपचार सुरू केले. सुई धुऊन पुन्हा वापरता येते. माती तर फुकटच. सेवाग्राम आणि येनान यांना जोडणारा धागा हा आहे. तत्त्वज्ञान दोन्हीकडे पुढे मांडून सजवले गेले.

पुढची वाट मात्र दोघांची उलटी झाली. चीनने १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छेंगतू येथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालये काढली आणि विखुरलेल्या घराण्यांची विद्या अभ्यासक्रमात बसवली. आज ‘प्राचीन चिनी वैद्यक’ म्हणून जे जगभर शिकवले जाते, त्याची घडी मुख्यतः याच दशकातली. सेवाग्रामात १९४५ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालय उभे केले, आणि १९६९ मध्ये तिथेच देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आधुनिक वैद्यकाचे. निसर्गोपचाराचे केंद्र गांधीजींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला नेले होते.

सुई आपल्याकडे आली ती कोटणिसांच्या सोबत्याकडून. डॉ. बिजय कुमार बसू चीनमध्ये जाऊन ती विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात अ‍ॅक्युपंक्चर करू लागले. एकवीस वर्षांपूर्वी जे शल्यक्रिया द्यायला गेले होते, त्यांच्यापैकीच एकाने परतफेड आणली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या उपचाराला कायद्याची चौकट दिली. तिथे सुईच्या नोंदणीचे नियम आहेत, ‘ची’ची व्याख्या करण्याचे काम न्यायालयाकडे अजून आलेले नाही.