एडीएचडी: विकार की मेंदूचं नैसर्गिक वेगळेपण?

सकाळी साडेनऊची वेळ. खराडी बायपासवर गाड्यांची रांग लागलेली. ईऑन आयटी पार्ककडे निघालेल्या या गर्दीत एखादा तरी असा असतो, ज्याचं ऑफिसचं आयकार्ड आज पुन्हा घरी राहिलंय. टाइमशीट भरायची तीन आठवड्यांपासून बाकी आहे. मीटिंगमध्ये दहाव्या मिनिटाला त्याचं लक्ष खिडकीबाहेर जातं. पण रात्री सर्व्हर बंद पडला, की हाच माणूस चार तास जागचा न हलता चूक शोधून काढतो.

लहानपणी घरी त्याला वेंधळा म्हणायचे. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' तिशी जवळ आल्यावर डॉक्टर सांगतात, तुम्हाला एडीएचडी आहे. त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक रील सांगतं, तुम्हाला काहीही झालेलं नाही, तुमचा मेंदू फक्त वेगळा आहे.

यातलं खरं काय मानायचं? औषध घ्यायचं की नाही, ऑफिसमध्ये सांगायचं की नाही, मुलाच्या शाळेत काय बोलायचं, हे सगळं या उत्तरावर ठरतं. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला 'अवधान कमतरता व अतिचंचलता विकार' असं लांबलचक नाव आहे. बोलताना सगळे एडीएचडीच म्हणतात.

नावात 'कमतरता' असली तरी प्रश्न लक्ष कमी असण्याचा नसतो. लक्ष हवं तिथे, हवं तेव्हा वळवता येत नाही, ही खरी अडचण. आवडीच्या कामात तासन्‌तास बुडून जाणारा माणूस वीजबिल भरायला मात्र चार वेळा विसरतो. घरच्यांना यात आळस दिसतो.

निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या 2013 च्या अमेरिकन पुस्तिकेत लक्षणांच्या दोन याद्या आहेत. एक लक्ष न टिकण्याची, दुसरी चुळबुळ आणि उतावळेपणाची. प्रत्येकीत नऊ लक्षणं. लहान मुलांमध्ये एका यादीतली किमान सहा आणि 17 वर्षांपुढच्यांमध्ये किमान पाच लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ दिसायला हवीत. त्यांतली काही वयाच्या 12 वर्षांआधीच सुरू झालेली असावीत, आणि ती घर-शाळा किंवा घर-ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत.

शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. या लक्षणांमुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असला पाहिजे. नुसती चंचलता म्हणजे एडीएचडी नव्हे.

मुलींच्या बाबतीत हे बऱ्याचदा सुटून जातं. वर्गात दंगा करणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत स्वतःच्या तंद्रीत असलेली मुलगी 'शांत आहे हो' म्हणून पुढच्या वर्गात जाते.

'विकार' हा शिक्का कधी बसला?

स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी 1798 मध्येच अशा अस्वस्थ, लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन केलं होतं. 1902 मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांच्या मते या मुलांमध्ये नैतिक संयमाचा अभाव होता. म्हणजे दोष थेट स्वभावावर गेला.

1968 च्या अमेरिकन पुस्तिकेत चंचलतेवर भर होता. 1980 मध्ये तो लक्षाच्या कमतरतेवर गेला आणि 1987 मध्ये आजचं नाव आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या यादीत एडीएचडीला मेंदूच्या वाढीशी संबंधित विकारांमध्ये ठेवलं आहे.

नावं आणि निकष इतक्या वेळा बदलले, कारण इथे रक्ताची एखादी चाचणी नाही. ब्लडप्रेशरसारखंच आहे हे. थोडं कमी-जास्त प्रत्येकाचं असतं, कुठल्या आकड्यापुढे त्याला आजार म्हणायचं ती रेषा डॉक्टर मंडळी ठरवतात. रेषा माणसांनी आखली म्हणून त्रास खोटा ठरत नाही. पण ती रेषा दगडावर कोरलेलीही नाही.

मग 'वेगळेपणा'चा विचार कुठून आला?

या विचाराला न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात. तो सुरू झाला स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक माणसांच्या चळवळीतून. 1993 मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांना सांगितलं, की आमच्यासाठी शोक करू नका. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ ज्यूडी सिंगर यांच्या प्रबंधात आणि अमेरिकन पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखात हा शब्द आला. पुढे एडीएचडी आणि डिस्लेक्सिया असलेल्यांनीही तो आपलासा केला.

म्हणणं साधं आहे. जंगलात जसं जैववैविध्य असतं, तसं माणसांच्या मेंदूंमध्येही असतं. एकच प्रकार बरोबर आणि बाकीचे बिघडलेले, असं नसतं. त्रासाचा बराचसा भाग त्या माणसात नसून त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेत असतो.

इमारतीला फक्त पायऱ्या असतील तर व्हीलचेअरवरचा माणूस अडतो, रॅम्प बांधला की तोच माणूस आत येतो. तसंच ओपन ऑफिसचं आहे. शंभर जण एका मजल्यावर, सतत फोन, चॅटची टिंग-टिंग आणि तोंडी दिलेल्या सूचना. अशा ठिकाणी लक्ष न टिकणं हा दोष किती मेंदूचा आणि किती त्या मजल्याचा?

विज्ञान कोणाच्या बाजूने आहे?

थोडं दोघांच्याही.

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं, की एडीएचडीतला माणसामाणसांमधला साधारण 74 टक्के फरक आनुवंशिक असतो. म्हणजे आईच्या लाडामुळे किंवा मोबाइलमुळे एडीएचडी 'झाला', हे म्हणणं टिकत नाही. शिवाय यामागे एखादं बिघडलेलं जनुक नाही. छोटा-छोटा परिणाम करणारे असंख्य जनुकीय फरक आहेत आणि ते कमी-अधिक प्रमाणात आपल्या सगळ्यांमध्ये असतात.

2008 मध्ये केनियातल्या अरिआल जमातीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीशी जोडला गेलेला डीआरडी4 या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात होता, ते भटकं जीवन जगणारे पुरुष इतरांपेक्षा चांगल्या पोषणाचे होते. एका जागी वस्ती केलेल्यांमध्ये मात्र तोच प्रकार असलेले पुरुष इतरांपेक्षा किरकोळ निघाले. जनुक तेच, गाव बदललं की परिणाम बदलला.

2024 मध्ये 457 जणांना संगणकावर झुडपांतली बोरं गोळा करण्याचा खेळ दिला गेला. एडीएचडीसारखी लक्षणं असलेले लोक एक झुडूप लवकर सोडून दुसरीकडे जायचे, आणि त्यांनी एकूण बोरं जास्त गोळा केली.

यावरून 'एडीएचडीवाले म्हणजे मूळचे शिकारी' अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते. तिच्याबाबत सावध राहायला हवं. 2020 च्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की एडीएचडीशी जोडलेले जनुकीय फरक अश्मयुगापासूनच हळूहळू कमी होत आले आहेत. ती घट शेती सुरू झाल्यावरची असती तर शिकाऱ्यांची गोष्ट जुळली असती.

मग औषध, निदान हे सगळं सोडून द्यायचं का?

नाही. इथेच 'फक्त वेगळेपण' हा दावा तोकडा पडतो.

2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. 2025 मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासानुसार, निदान झालेल्या पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान जवळपास सात वर्षांनी आणि स्त्रियांचं साडेआठ वर्षांहून अधिक कमी होतं. ब्रिटनमध्येही फार थोड्या प्रौढांचं निदान होतं, त्यामुळे हे आकडे जास्त त्रास असलेल्यांचे असू शकतात. तरीही ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

दुसरीकडे 2014 च्या स्वीडनमधल्या अभ्यासात असं दिसलं, की एडीएचडी असलेले पुरुष ज्या काळात औषध घेत होते, त्या काळात त्यांच्या गंभीर रस्ते अपघातांचा धोका 58 टक्क्यांनी कमी होता. नगर रोडवर रोज दुचाकी चालवणाऱ्याला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही.

चष्म्याचं उदाहरण घ्या. लांबचं न दिसणं निसर्गात सापडतं, त्यात कोणाचा दोष नाही. म्हणून चष्मा न लावता गाडी चालवा, असं कोणी म्हणत नाही. नैसर्गिक असणं आणि मदतीची गरज असणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

मात्र शिक्का घाईने मारण्याचा धोकाही खरा आहे. 2018 च्या एका अमेरिकन अभ्यासात, जिथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा 1 सप्टेंबर होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्के जास्त होतं. ही वर्गातली सर्वांत लहान मुलं होती. वयाने जवळपास वर्षभर लहान असणं हाच अनेकदा 'विकार' ठरला होता.

भारतात शब्दावर काय अडतं?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वं दिली आहेत. त्यात स्वमग्नता आहे, 'तारे जमीन पर'मुळे घराघरात पोहोचलेला डिस्लेक्सिया अध्ययन अक्षमतेखाली आहे. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत नाही.

त्यामुळे अनेक कुटुंबांची पंचाईत होते. मुलाला एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही असेल तर त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलत मागता येते. नुसता एडीएचडी असेल तर बरंचसं शाळेच्या समजूतदारपणावर राहतं. 'हा विकार नाहीच' असं आपण सरसकट म्हणायला लागलो, तर हक्क मागण्याचा उरलासुरला आधारही पातळ होतो.

एक निकाल इथे माहीत असावा. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये लेखनात अडचण येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा हक्क मान्य केला. त्यासाठी 40 टक्के अपंगत्वाचा निकष लावता येणार नाही, असंही सांगितलं. तो खटला एडीएचडीचा नव्हता. पण वाजवी सोय करून देणं म्हणजे उपकार करणं नव्हे, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं.

स्वतःवर किंवा मुलावर शंका असेल तर?

• रील किंवा ऑनलाइन चाचणीवरून निदान ठरवू नका. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणापासूनची माहिती विचारतात, त्यामुळे जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या.

• खराडीहून जवळच येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ससून रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. पहिला फोन करायचा असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

• मेथिलफेनिडेट हे नेहमी दिलं जाणारं औषध एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येतं. मित्राच्या पाकिटातली गोळी 'परीक्षेपुरती' घेणं धोक्याचं आणि बेकायदा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्र ते दशकानुदशकं वापरात आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने 2016 मध्ये उघडपणे सांगितलं, की ती एडीएचडीसाठी लहानपणापासून औषध घेते.

• ऑफिसमध्ये मागता येण्यासारख्या सोयी साध्या आहेत. सूचना लेखी मिळणं, मोठ्या कामाचे छोटे टप्पे, शांत कोपरा, हेडफोनची मुभा. यातल्या बहुतेकांना खर्च येत नाही. निदान उघड न करताही त्या मागता येतात.

थोडक्यात

मेंदू वेगळा असणं ही लाजेची गोष्ट नाही, हे न्यूरोडायव्हर्सिटीने शिकवलं. वेगळ्या मेंदूला उपचार आणि हक्क लागू शकतात, हे वैद्यकशास्त्र आणि कायदा सांगतात. एकाची निवड करून दुसरं टाकून द्यायची गरज नाही.

आणि घरात कोणी सारखं चाव्या हरवणारं असेल, तर पुढच्या वेळी 'लक्ष कुठे असतं तुझं?' असं विचारण्याआधी दाराजवळ एक खुंटी ठोकून बघा.