उपभू

उपभू : पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राच्या किंवा उपग्रहाच्या कक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू. त्याच्या बरोबर समोरचा, सर्वांत लांबचा तो अपभू. संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ, ‘अप’ म्हणजे दूर. इंग्रजीतल्या ‘पेरिजी’ आणि ‘अपोजी’ या ग्रीक मुळाच्या शब्दांतही पृथ्वी आहेच, त्यांतला ‘जी’ तिचाच. सूर्याभोवतीच्या कक्षेसाठी उपसूर्य आणि अपसूर्य. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे दाखवणाऱ्या केप्लरने जुन्या ग्रीक शब्दांतली पृथ्वी काढून तिथे सूर्य बसवला.

‘उपभू-अपभू’ ही जोडी पाठ्यपुस्तकी आहे. आपल्याकडचा जुना शब्द ‘उच्च’, आणि तो अधिक बोलका आहे. लांबच्या बिंदूपाशी ग्रह सावकाश चालतो, म्हणून त्याला ‘मंदोच्च’ म्हणत. अंतर आणि गती एकाच शब्दात बांधणारे हे नाव नव्या परिभाषेत टिकले असते तर बरे झाले असते. हाच ‘उच्च’ अरबीत जाऊन ‘औज’ झाला आणि तिथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये पोचला. (फलज्योतिषातला ‘उच्चीचा ग्रह’ वेगळा. तिथे संबंध राशीशी आहे, अंतराशी नाही.) चंद्राचे उच्च एका जागी थांबत नाही, तेही फिरते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात त्याच्या ४,८८,२१९ फेऱ्या दिल्या. भागाकार केला तर एका फेरीला ८.८५ वर्षे येतात, आणि आजचा आकडाही तोच आहे.

चंद्र उपभूला असताना साधारण ३,५६,००० ते ३,७०,००० किलोमीटरवर असतो, अपभूला ४,०४,००० ते ४,०६,७०० वर. पौर्णिमा उपभूपाशी आली की वर्तमानपत्रांतला ‘सुपरमून’ उगवतो. २६ मे २०२१ ची बुद्धपौर्णिमा अशीच होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा जंगलात, मोहर्लीच्या बफरमध्ये, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणाऱ्याला चंद्र मोठा वाटला, तर तो क्षितिजाजवळचा दृष्टिभ्रम की खरोखर उपभू, हे पंचांगात नाही तर चंद्राच्या अंतराच्या कोष्टकात पाहावे. उपभूचा आणि अपभूचा पूर्णचंद्र यांत व्यासाचा फरक जेमतेम १४ टक्के, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता येत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यात या शब्दाचा पुरावा एकदा आकाशातून पडला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळत्या तुकड्यांची रांग विदर्भाच्या आकाशातून सरकत गेली. ताडोबाच्या जंगलाच्या एका अंगाला मोहर्ली, दुसऱ्या अंगाला सिंदेवाही तालुका. त्या तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे, चाळीसेक किलोचे धातूचे कडे पडले. पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे तुकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत असे सांगितले.

वर्षभर फिरणारी वस्तू मग का पडली? भूस्थिर कक्षेकडे उपग्रह नेणारे असे टप्पे काम संपल्यावर फार लांबट कक्षेत उरतात : अपभू ३६ हजार किलोमीटरच्या आसपास, उपभू अवघे दोनशेच्या घरात. अपभूला वेग सेकंदाला दीड-पावणेदोन किलोमीटर, उपभूला दहाच्या वर. उपभूच्या उंचीवर हवा अगदी विरळ असते, पण असते. प्रत्येक फेरीत ती थोडा वेग खाते, आणि गंमत अशी की इथे वेग गेला की उंची कमी होते ती समोरच्या अपभूची. कक्षा आखडत जवळजवळ गोल होते. मग सगळी वाटच हवेतून जाऊ लागते, आणि शेवट काही दिवसांत येतो. चंद्रयान-३ने जुलै २०२३ मध्ये हेच उलटे केले. सुरुवातीची कक्षा सुमारे १७० बाय ३६,५०० किलोमीटर होती. उपभूपाशी इंजिन पेटवून वेग वाढवला की अपभू वर चढायचा. चंद्रापर्यंतची वाट अशीच टप्प्याटप्प्याने काढली गेली.

सूर्यापासूनच्या अंतरावरून ऋतूंचा तर्क मात्र करू नये. पृथ्वी उपसूर्याला येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा सूर्य १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि मोहर्लीच्या गेटवर पहाटेच्या सफारीला लोक उघड्या जिप्सीत ब्लँकेट गुंडाळून बसतात. तिथला भाजणारा उन्हाळा मेमधला, कारण २० मेच्या आगेमागे दुपारचा सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो. पृथ्वीचा आस कललेला आहे, त्याचा हा परिणाम. अपसूर्य जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटर. तोवर पावसाळ्यासाठी ताडोबाचे गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद झालेले असते.