वाशीमचा ताम्रपट आणि आपली मुले

दरवर्षी आपल्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी प्रसिद्ध होते. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांत प्रवेश मिळविणाऱ्यांची नावे तीत अग्रभागी असतात, आणि ती असावीतच. परंतु इतिहास अगर संस्कृत घेऊन बी. ए. होऊ पाहणाऱ्या मुलाच्या आईबापांचे सांत्वन करण्याची जी रीत आपल्यांत पडत चालली आहे, ती आम्हांस मान्य नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपुरते शिकलेले. तेव्हा उपदेश न करता आपल्याच मुलखातील एक हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नामक मंत्र्याचा शिलालेख आहे. पावसापाण्याने तो पुष्कळ झिजलेला. इसवी सन १८६३ च्या सुमारास त्याचे वाचन ज्यांनी पुढे मांडले, ते डॉ. भाऊ दाजी लाड पेशाने वैद्य होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. गोरगरिबांस औषध द्यावे, महारोगावर उपचार शोधावा, आणि उरल्या वेळी जुनी लिपी लावीत बसावे, असा त्यांचा क्रम. आजचा कोणता डॉक्टर असे करील?

तथापि लेखातील काही नावे त्या वेळी नीट लागली नाहीत. पुढे ब्यूलर या जर्मन पंडितानेही वाचन केले, तरी वंशावळीतील घोळ राहिलाच. १९३९ साली वाशीम येथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे संशोधक डॉ. य. खु. देशपांडे यांनी महाजन यांच्यासह तो प्रसिद्ध केला. तो वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेला. वंशवर्णन संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. दान दिलेला गाव नांदीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गावरील. उमरखेडच्या वायव्येस वाशीम व नैर्ऋत्येस नांदेड! १९४८ पर्यंत पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य आणि अलीकडे वऱ्हाड, म्हणून आपण नदीला सरहद्द समजत आलो. ताम्रपटाच्या काळी एकच राजा दोन्ही तीरांवर दाने देत होता.

या पटाने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा प्रथमच स्पष्ट झाली. मग म. म. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि सर्वसेन, विंध्यसेन ही नावे जागच्या जागी बसविली. हा सर्वसेन प्राकृत कवीही होता. तांब्याचा कस प्रयोगशाळा सांगू शकेल. त्यावरील अक्षरे काय म्हणतात, हे प्राकृत जाणणाराच सांगणार. तोच पट जर एखाद्या तांबटाच्या भट्टीत गेला असता, तर?

याउलट गणिताने इतिहासाची सेवा केल्याचेही उदाहरण आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. प्राचीन आहत नाणी काटेकोर तोलून, हातोहात फिरल्याने त्यांचे वजन कसे घटत जाते, याचा हिशेब त्यांनी मांडला व त्यावरून नाण्यांचा अनुक्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. दोन विद्यांत सवतीमत्सर असतो, ही आपलीच समजूत.

आता घरची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर मोडीतील कागदांची दप्तरे आहेत. वाटणीपत्रे, खरेदीखते, सावकारी हिशेब. आमच्या पाहण्यातील एका घरी तसले गाठोडे रद्दीबरोबर किलोवर गेले; घरात दोन अभियंते होते, पण अक्षर लावणारे कोणी नव्हते. शेताच्या हद्दीचा तंटा निघाला की हेच कागद शोधीत लोक तालुक्याला धावतात.

मंडळास आमची विनंती अशी की, येत्या गुणगौरव समारंभापासून मोडी वाचन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यास अगर विद्यार्थिनीस पारितोषिक ठेवावे. पहिल्या तीन वर्षांची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. ज्यांच्या घरी दप्तरे असतील त्यांनी ती समारंभाच्या दिवशी सोबत आणावीत; ओलीपासून जपण्यासाठी मेणकापड आम्ही आणू.